नगरच्या फरारबाई

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. दिवसभर मी जे लिहिते ते यंत्राला कळण्यापुरतं असतं. माणसांसाठी लिहिणं दहावीच्या निबंधानंतर सुटलंच. मग संयोजकांनी विषय कळवला: शिक्षणासाठी झटलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र. बहुतेकांनी सावित्रीबाई, जोतिराव, कर्मवीर अण्णा अशी नावं घेतली. ती घ्यायलाच हवीत. पण सावित्रीबाईंच्या आधी वीस वर्षं मराठी मुलींना शिकवायला समुद्र ओलांडून आलेल्या एका बाईंबद्दल मला लिहावंसं वाटलं. त्यांचं नाव सिंथिया फरार. नगरमध्ये त्यांनी आयुष्याची शेवटची बावीस-तेवीस वर्षं काढली.

आपल्या आष्टीकडच्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळचं. लग्नाचा बस्ता नगरला, मोठा दवाखाना नगरला, पुण्याला जायचं तरी गाडी नगरवरूनच. फरारबाई नगरला होत्या तेव्हा मात्र आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि नगर इंग्रजांच्या. मधे राज्याची सीमा होती. तरी नगरला जे उगवलं त्याची सावली पुढे आपल्यापर्यंत पोचलीच. आपल्या वर्गात मुली होत्या, त्या मागच्या मोठ्या साखळीतली एक कडी या बाईंची आहे.

फरारबाईंचा जन्म २० एप्रिल १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो या लहान गावातला. हा थंडीचा, डोंगराळ मुलूख. शेती करणारी, चर्चला नेमाने जाणारी माणसं. फरारबाई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. त्या काळी तिकडेही एकट्या बाईला पोटापाण्यासाठी मान्य असलेलं काम म्हणजे मुलांना शिकवणं.

त्या वाढत होत्या त्या वर्षांत त्यांच्या भागात एक हवा तयार झाली होती. १८१० साली परदेशांत मिशनरी पाठवणारं एक मोठं मंडळ स्थापन झालं. ते अमेरिकन बोर्ड म्हणून ओळखलं जातं आणि त्याचा कारभार बोस्टनहून चालत असे. या मंडळाच्या पहिल्या तुकडीत हॅरिएट न्यूएल नावाची मुलगी नवऱ्याबरोबर हिंदुस्थानला निघाली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिलं नाही आणि १८१२ साली मॉरिशस बेटावर ती वारली. वय एकोणीस. तिचं चरित्र अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं. फरारबाई तिच्यापेक्षा दीड वर्षाने लहान. परदेशी गेलेल्या बाईचं काय होऊ शकतं, हे त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं.

या कामाला पैसा कुठून येई, हे वाचताना मला आपल्या भिशीची आठवण झाली. बोस्टनमध्ये १८०० साली मेरी वेब नावाच्या एका तरुणीने चौदा बायकांना जमवून मिशनकार्याला मदत करणारं मंडळ काढलं. ती लहानपणीच्या आजारामुळे चालू शकत नव्हती, चाकाच्या खुर्चीत असे. दोन वर्षांनी त्याच शहरात मेहिटेबल सिम्पकिन्स यांनी दुसरी योजना काढली: प्रत्येक बाईने आठवड्याला एक सेंट बाजूला टाकायचा. बायकांच्या हातात स्वतःचा पैसा जवळपास नसे, पण एक सेंट वाचवता येई. अशी मंडळं गावोगाव निघाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची सभा भरे आणि दूर गेलेल्या माणसांची पत्रं तिथे वाचून दाखवत. ज्यांना आपण कधी पाहिलेलं नाही, पुढे पाहणारही नाही, त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवायची, अशी ती रीत होती.

इकडे मुंबईत अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून काम करत होतं. १८२४ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. शाळा वाढल्या, पण पाहायला माणूस नव्हता. मिशनरींच्या बायकाच हे काम बघत. त्यांच्या मागे स्वतःची मुलंबाळं, आजारपणं, बाळंतपणं. १८२६ च्या मार्चमध्ये मिशनच्या संस्थापकांपैकी गॉर्डन हॉल नाशिकहून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेले. हाताशी माणसं आणखी कमी झाली. तेव्हा मुंबईहून बोस्टनला मागणी गेली की मुलींच्या शाळांची देखरेख करायला एक अविवाहित शिक्षिका पाठवा.

ही मागणी साधी नव्हती. तोवर मंडळाने बायका पाठवल्या होत्या त्या बहुतेक मिशनरींच्या पत्नी म्हणून. लग्न न झालेल्या बाईला एकटं पाठवायचं तर ती राहणार कुठे, कोणाच्या आधाराने, लोक काय म्हणतील, हे प्रश्न बोस्टनमध्येही होतेच. शेवटी फरारबाईंची निवड झाली. अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्री मिशनरींमध्ये आज त्यांची नोंद आहे. मात्र तेव्हा मंडळाच्या कागदोपत्री बायकांचा हुद्दा सहाय्यक मिशनरी असा लिहीत.

५ जून १८२७ रोजी बोस्टनहून जहाज निघालं. बरोबर डेव्हिड अॅलन आणि सायरस स्टोन ही मिशनरी जोडपी होती. फरारबाई बत्तीस वर्षांच्या. सुएझचा कालवा व्हायला अजून बेचाळीस वर्षं होती, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून यायचं. मुंबईला पोचेपर्यंत डिसेंबर संपत आला होता. जाता जाता एक गंमत सांगते. जोतिराव फुले जन्मले ते त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. जहाज बोस्टनहून सुटलं तेव्हा ते दोन महिन्यांचे होते.

मुंबईत आल्यावर बाईंना आधी मराठी शिकावी लागली. शाळा म्हणजे एखाद्याची ओसरी किंवा भाड्याची खोली, तिथे पगारी पंतोजी आणि चटईवर बसलेल्या दहा-वीस-तीस मुली. बाईंनी एकेका शाळेत जायचं, मुलींचं वाचन ऐकायचं, पंतोजींचं काम पाहायचं, हजेरी तपासायची, आणि घरच्यांची समजूत काढायची. लिहिता-वाचता येणारी मुलगी विधवा होते, हा समज घरोघरी होता. त्यातून १८२९ पर्यंत पटावरच्या मुलींची संख्या चारशेच्या घरात गेली. काम पाहून मुंबईतल्या इंग्रज रहिवाशांनीही वर्गणी दिली.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्या आल्या होत्या ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. ते त्यांनी किंवा मिशनने कधी लपवलं नाही. शाळेत बायबलचे धडे असतच. आपल्यापैकी अनेकांना ते पटणार नाही आणि तेव्हाच्याही अनेकांना पटलं नाही. धर्मांतराची बातमी उठली की पालक मुली काढून घेत आणि वर्ग रिकामे पडत. पण ज्या मुलीला कोणीच अक्षर शिकवत नव्हतं, तिला या शाळेत अक्षर मिळालं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मला एकत्रच लिहाव्याशा वाटतात.

एकटेपणा किती असेल याचा मी माझ्या परीने हिशेब केला. बोस्टनचं पत्र जहाजाने यायला चार-पाच महिने. उत्तर जायला तेवढेच. म्हणजे आज मला बरं नाही असं कळवलं, तर काळजी घे हे वाक्य हातात पडायला जवळपास वर्ष. तोवर माणूस बरा झालेला असे किंवा गेलेला असे. त्यांच्याबरोबर एकाच जहाजातून आलेल्या अॅलन यांच्या पत्नी मायरा १८३१ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारल्या. येऊन पुरती चार वर्षंही झाली नव्हती. १८३० मध्ये ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, पुढे त्या वाटेची टपाल नियमित झाली आणि अंतर काही आठवड्यांवर आलं. पण पहिली वर्षं त्यांनी त्या जुन्या टपालावर काढली. मी कंपनीच्या कामासाठी आठ महिने अमेरिकेत होते. रोज रात्री आईचा चेहरा स्क्रीनवर दिसत असूनही बाहेर बर्फ पडायला लागला की जीव कासावीस व्हायचा. त्यामुळे या हिशेबाचा अर्थ मला थोडासा तरी कळतो.

दहा वर्षांनी, १८३७ साली, त्यांची तब्येत ढासळली आणि त्या अमेरिकेला परत गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. मंडळाने सगळीकडच्या मिशनांचा खर्च कापला. सिलोनमध्ये तर कितीतरी शाळा बंद कराव्या लागल्या. आजारी, वय बेचाळीस, आणि पाठवणाऱ्या मंडळाचीच तिजोरी रिकामी. दहा वर्षं सेवा झाली, आता घरीच राहा, असं कोणी म्हटलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती.

त्या १८३९ साली परत आल्या. वय चव्वेचाळीस. मी आज तेवढ्याच वयाची आहे, म्हणून या वर्षापाशी मी बराच वेळ थांबले. पहिल्यांदा निघताना माणसाला पुढचं माहीत नसतं. उमेद असते, बरोबरच्यांचा उत्साह असतो. दुसऱ्यांदा मात्र सगळं माहीत असतं. उन्हाळा माहीत, ताप माहीत, रिकामे वर्ग माहीत, कोणाच्या कबरी कुठे आहेत तेही माहीत. तरीही त्या आल्या. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला १८२७ ची वाटत नाही, ही १८३९ ची वाटते.

या वेळी त्यांची नेमणूक नगरला झाली. तिथे मिशनचं ठाणं १८३१ च्या अखेरीस सुरू झालं होतं. बोरघाटातून गाडीरस्ता नुकताच १८३० मध्ये झालेला. नगरला आगगाडी पोचायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. मुंबईसारखी बंदरावरची वर्दळ इथे नव्हती. आपल्यासारखाच कोरडा, ज्वारी-बाजरीचा मुलूख. १८४२ पासून नगरहून ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक निघू लागलं. फरारबाईंनी इथेही मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्या इतक्या नेटक्या चालवल्या की लांबून लोक बघायला येऊ लागले.

बघायला आलेल्यांत एक होते जोतिराव फुले. वय साधारण एकवीस. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते. दोघांनी मिळून फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. मुलींना शिकवण्याची पद्धत जोतिरावांच्या मनात भरली. पुण्याला परतल्यावर त्यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतलं, असंही त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. नगरची ती शाळा पाहून आपण मुलींची शाळा काढली, हे जोतिरावांनी स्वतः जाहीरपणे सांगून ठेवलं. त्यांचं ते निवेदन १८५३ साली ज्ञानोदयातच छापून आलं. म्हणजे बाईंच्या मिशनच्याच अंकात. त्यांनी ते वाचलं असणार असं मी धरून चालते. दूर परक्या देशात इतकी वर्षं घालवलेल्या बाईंना यापेक्षा मोठी शाबासकी कोणी दिली असेल असं मला वाटत नाही.

१८५५ साली त्याच ज्ञानोदयात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आजही अभ्यासला जातो. मार्लबरो गावच्या शिक्षिकेने नगरला मुलींची शाळा चालवली, ती पाहून पुण्यात शाळा निघाली, आणि त्या शाळेतल्या मुलीने समाजाला जाब विचारला. मिशनने जे ठरवून पेरलं ते हे नव्हतं. पण उगवलं हे.

बोस्टनहून मात्र त्या सुमारास वेगळंच वारं वाहत होतं. १८५४ च्या अखेरीस मंडळाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः पाहणीला आले. शाळांवर इतकं बळ खर्च करण्यापेक्षा चर्च उभारण्यावर भर द्यावा, असं त्यांचं धोरण. इंग्रजी शिक्षण आणि ख्रिस्ती नसलेल्या शिक्षकांच्या शाळा त्यांना कमी करायच्या होत्या. इतकी वर्षं शाळाच चालवणाऱ्या बाईला हे ऐकताना काय वाटलं असेल? फरारबाई नगरलाच राहिल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, नगरमध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, बोस्टनमध्ये बायकांनी स्वतःचं वेगळं मिशन मंडळ काढलं. परदेशी गेलेल्या एकट्या बायकांना पाठवणं, त्यांचा खर्च उचलणं, त्यांना पत्रं लिहिणं आणि त्यांची पत्रं सगळ्यांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. पुढच्याच वर्षी त्याच शहरात मेथडिस्ट बायकांनीही असं मंडळ काढलं. पहिल्या सभेच्या दिवशी इतका पाऊस होता की आठच जणी आल्या. त्या आठ जणींनी ठरवलं आणि वर्षाच्या आत इझाबेला थोबर्न ही शिक्षिका आणि क्लारा स्वेन ही डॉक्टर अशा दोघी हिंदुस्थानात पोचल्या. वर्गणी आठवड्याला दोन सेंट आणि सोबत एक प्रार्थना. एकट्या गेलेल्या बाईच्या मागे कोणीतरी कायम उभं हवं, हे फरारबाईंसारख्यांच्या आयुष्यातून लोक शिकले. स्वतः बाईंना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

हे सगळं वाचत असताना मला सारख्या आपल्या गणिताच्या बाई आठवत होत्या. नाव लिहीत नाही, सगळ्यांना कळलंच असेल. कोकणातून आल्या होत्या. समुद्राकाठची मुलगी आपल्या टँकरच्या गावात. स्टँडमागच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. रविवारी फोनचा दर कमी, म्हणून संध्याकाळी एसटीडी बूथवर रांगेत उभ्या दिसायच्या. आपण पोरं बूथच्या काचेतून बघायचो आणि त्या नेमकं काय बोलतात यावर हसायचो. आपण आठवीत असताना त्या पंधरा दिवस टायफॉइडने पडून होत्या. तेव्हा वर्गात काय झालं होतं ते आठवतंय? गणिताचा तास मोकळा मिळाला म्हणून आपण मैदानावर पळालो. मीही पळाले. आज जे कमावते ते त्यांनी शिकवलेल्या गणितावर, आणि त्यांना बघायला मी एकदाही गेले नाही. शिपाईकाकांच्या घरच्या काकू रोज भाताची पेज घेऊन जायच्या, हे मला आईकडून फार उशिरा कळलं. पुढे बाई गेल्या तेव्हा आपण त्यांना निरोपसुद्धा दिला नाही.

मेळाव्याच्या समितीने त्यांचा नंबर मिळवला आहे. गेल्या महिन्यात मी फोन केला. कोणती ते ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. हजेरी क्रमांक सांगितल्यावर हसल्या. टायफॉइडच्या वेळी भेटायला न आल्याबद्दल मी माफी मागितली, तर ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांनी विचारलं ते काकूंबद्दल. त्या पेजेची चव अजून आठवते म्हणाल्या. ती मिळाली नसती तर त्याच आठवड्यात पेटी भरून घरी परत जाणार होत्या, असंही म्हणाल्या. त्या तेव्हा गेल्या असत्या तर पुढची दोन वर्षं आपल्याला गणित कोणी शिकवलं असतं, मला माहीत नाही.

फरारबाईंच्या मागे बोस्टनमध्ये आठवड्याला एकेक सेंट टाकणाऱ्या, नाव कुठेच न आलेल्या बायका होत्या. आपल्या बाईंच्या मागे एक काकू होत्या. आपण सत्कार बाईंचा ठरवला आहे, तो व्हायलाच हवा. बाई येणार आहेत. काकूही आहेत. गावातच आहेत, ऐकू कमी येतं, पण चालत्या-फिरत्या आहेत. मेळाव्याच्या दिवशी त्यांना घरून घेऊन येण्याची आणि बाईंच्या शेजारी बसवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्या. कोणी नसेल तर माझं नाव लिहा. मी आदल्या रात्रीच गावात येते आहे.